गभणेच्या खिशातला कांदा

आधीच सांगतो, आमच्या घरी लिंबू फक्त सरबताला लागतं. दारावर मिरच्या नाहीत, मनगटात गंडा नाही, आणि भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जातो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं... त्याला काय करू?

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. पुण्याच्या आमच्या पंपाच्या कंपनीने आम्हा तिघांना खापरखेड्याच्या वीज केंद्रावर कामाला पाठवलं होतं — आमचे साहेब केळकर, मी आणि शाम गभणे. उतरलो होतो नागपुरात, सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतल्या एका साध्या लॉजवर. तीन खाटांची खोली, कुरकुरणारा पंखा, आणि उकाडा असा की खोलीत झोपायची सोयच नाही. लॉजवाला सगळ्यांच्याच खाटा गच्चीवर टाकायचा. कपडे खोलीत खुंटीवर, खोलीला कुलूप, किल्ली माझ्या उशीखाली.

गभणे मूळचा रामटेकचा. पण कित्येक वर्षांत घरी गेला नव्हता. पुण्यातल्या एका ख्रिश्चन नर्सशी लग्न केलं, तेव्हा आई म्हणाली होती, पुन्हा तोंड दाखवू नको. या पठ्ठ्यानं ते खरंच पाळलं! मी म्हटलं, अरे, बसने घर एवढंसं लांब, रविवारी जाऊन ये की. तर म्हणाला, "मायनं बोलावलं त जाईन." असला आडमुठा. पण आईचा विषय निघाला की दुसरीकडे बघायचा, हे मी पाहिलं होतं.

मंगळवारी साइटवर त्याने पेन काढायला शर्टाच्या खिशात हात घातला आणि निघाला कांदा. छोटासा, पांढरा. नागपूरकडे ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. केळकरसाहेब म्हणाले, चला, गभणेच्या जेवणाची सोय झाली. गभणेही हसला. त्याला वाटलं, लॉजवाल्याने ठेवला असेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कांदा. तिसऱ्या दिवशीही. त्या दिवशी मात्र त्याने तो नीट पाहिला आणि माझी कॉलरच धरली. कांद्याच्या वाळक्या पातीला गाठ मारलेली होती. लहानपणी शाळेत जाताना त्याची आई अशीच गाठ मारून कांदा खिशात ठेवायची म्हणे. हे मी त्याच्याकडून कधीतरी काढून घेतलं आणि आता थट्टा करतोय, असं त्याच्या डोक्यात बसलं. मी आईची शपथ घेतली. शपथा-बिपथा न मानणारा मी! पण त्याचा चेहराच तसा झाला होता.

मग त्याने स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली बनियनला पिनने अडकवून झोपला. सकाळी तिघांनी मिळून दार उघडलं. खुंटीवर धोब्याकडून आलेला कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खिसा फुगलेला. गभणे कांदा मुठीत घेऊन तिथेच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "मायनं बोलावलं गा मले."

रविवारी तो आणि मी रामटेकला गेलो. त्याला एकट्याला जायची छाती होईना. दार त्याच्या वहिनींनी उघडलं. त्याला बघताच त्या रडायलाच लागल्या. दोन वर्षांपासून सासूबाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं, माणसं ओळखू येत नव्हती. आणि आता हे नवीनच, त्या म्हणाल्या.

"मंगळवारपासून रोज सकाळी कांदा मागून राहिली भाऊजी. गाठ मारते, मुठीत धरून बसते. थोड्या वेळानं पाहा त हात रिकामा. घरभर शोधते मी, सापडत नाही. म्हणते, शाम्याच्या खिशात ठेवला, पोरगं उन्हात फिरून राहिलं."

आम्ही नागपुरात आहोत, हे त्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. गभणेचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. तो थेट ओसरीवर गेला. म्हातारी बाजेवर बसली होती. तो खाली बसला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने घाईघाईने पाय आखडून घेतले आणि परक्या पुरुषासमोर घेतात तसा डोक्यावरून पदर घेतला.

"कोण्या गावचा गा तू?" तिने विचारलं. "इतक्या उन्हाचा काहून आला? घरी माय नाही का तुले?"

"आहे न माय," तो म्हणाला. "आहे."

"मंग तिनं येऊ कसं देल्लं तुले?"

मी अंगणात निघून गेलो. मला बघवेना.

गभणे आमच्याबरोबर पुण्याला परतला नाही. रजा वाढवत तिथेच राहिला, बायकोही येऊन राहिली. पुढचं त्यानेच मला सांगितलं. तो घरी आल्यापासून म्हातारीने कांदा मागितला नाही. त्याच्या हातून जेवायची, त्याला पाव्हणा म्हणायची, आणि संध्याकाळ झाली की रोज काळजीने सांगायची, "आता घरी जाय गा बाप्पा. तुही माय वाट पाहून राहिली असन." मग तो उठायचा, चपला घालायचा, गल्लीला एक चक्कर मारून परत यायचा. दिवाळीच्या आधी ती गेली. शेवटपर्यंत तिने त्याला ओळखलं नाही.

कुलूपबंद खोलीत कांदे कसे आले, मला आजही माहीत नाही. केळकरसाहेब तर मरेपर्यंत हा विषय निघाला की उठून जायचे. पण खरं सांगू? मला कांद्यांचं तितकं नवल वाटत नाही. रामटेकला बसून तिला नागपुरातल्या बंद खोलीत टांगलेला त्याचा शर्ट बरोबर सापडत होता... आणि पोरगा समोर बसून घास भरवत होता, तो काही तिला सापडला नाही. हे असं कसं, ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.