सोयाबीनच्या यंत्राला नारळ

आमच्या घरात नवीन वस्तू नारळाशिवाय सुरू होत नाही. बोअरची मोटार असो, फवारणीचा पंप असो, नाहीतर साधा मिक्सर. हळदीकुंकवाची बोटं ओढायची, नारळ फोडायचा, पाणी शिंपडायचं आणि मग बटण दाबायचं. मी बारावी पास आहे, अंगणवाडीत पोरांना शिकवते, पण नारळ फोडल्याशिवाय माझंही बोट बटणाकडं जात नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला मूर्ख म्हणायला सोपं जाईल.

माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेनं तिची आणि तिच्या मैत्रिणीची जोडी लावली होती. मैत्रिणीचे वडील आमच्याच गावात जळालेल्या मोटारींची वायर नव्यानं भरून देतात. त्यांच्या दुकानातल्या तांब्याच्या दोन पट्ट्या, एक जुना मीटर आणि लाकडी खोकं, एवढ्यावर पोरींनी सोयाबीनची हवा मोजायचं यंत्र केलं. दाण्यातल्या ओलाव्याला इकडं हवा म्हणतात. कळंबच्या अडतीवर माणूस पोत्यात हात घालतो, तोंड वाकडं करतो, "हवा लई हाय" म्हणतो आणि भाव पाडतो. त्यावर आपण काय बोलणार? पोरींना तेच खटकलं होतं. दोन पट्ट्यांच्या मध्ये मूठभर दाणे टाकले की काटा हलायचा, वाळलेल्या दाण्याला थोडा, ओल्याला जास्त.

तालुक्याला पहिला नंबर आला. त्याच दिवशी जेवताना ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जाहीर केलं, "जिल्ह्याला नंबर आण, लातूरला सायन्सला घालतो. न्हाय आला तर हितंच कळंबला आर्ट्स." ह्यांचा शब्द म्हणजे शब्द, असं मी तेव्हा धरून चालले होते. पोरीनं तर ते मनावरच घेतलं. वाट्यावाट्यांत सोयाबीन भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची आणि काटा कुठं थांबला ते वहीत लिहायची. घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मी वरवर करवादायची, पण आतून मला फार बरं वाटायचं.

जिल्ह्याचं प्रदर्शन धाराशिवला होतं. शाळेचे सर, दोघी पोरी, मैत्रिणीचे वडील आणि मी, असे जीपनं गेलो. टेबल मिळालं, यंत्र मांडलं. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. सर पोरींना घेऊन नोंदणीच्या रांगेत गेले आणि यंत्रापाशी आम्ही दोघंच राहिलो.

माझ्या पिशवीत नारळ होता. तालुक्याला तो फोडायचा राहून गेला होता आणि ती रुखरुख मला होतीच. बाहेर पायरीवर नारळ फोडला, अर्ध्या करवंटीत पाणी धरून आत आणलं. हळदीकुंकू कुठं लावावं? तांब्याच्या पट्ट्या नुसत्या झळकत होत्या. यंत्राचं कपाळ हेच, असं मला वाटलं. तिथं बोटं ओढली आणि वरून पाणी शिंपडलं, चांगलं तीनदा. मैत्रिणीचे वडील चपला काढून, हात जोडून बाजूला उभे होते.

पोरी परतल्या तेव्हा परीक्षक मॅडम शेजारच्या टेबलापर्यंत येऊन पोचल्या होत्या. लगेच आमची पाळी आली. मुलीनं उन्हात खडखडीत वाळवलेली सोयाबीन टाकली. काटा धाडकन शेवटाला गेला. ओली टाकली, काटा तिथंच. तिनं आत वाकून पाहिलं. पट्टीवर हळद होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. ओढणीनं पट्ट्या घाईघाईनं पुसल्या, पण नारळाचं चिकट पाणी फटीत मुरलं होतं. काटा काही मागं येईना.

"घरी तपासून पाहिलं नव्हतं का?" मॅडमनी विचारलं.

"पाहिलं होतं मॅडम. पण आमचंच काहीतरी चुकलंय," मुलगी म्हणाली.

चूक माझी आहे, पोरींना दहा मिनिटं द्या, एवढंच मला म्हणायचं होतं. मी खोबऱ्याचा तुकडा मुठीत धरून उभी राहिले. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या पुढच्या टेबलाकडं गेल्या.

परतताना मैत्रिणीचे वडील हळूच म्हणाले, "वैनी, पाणी पडलं तवाच मला कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची पूजा चालली व्हती. म्या मधी कसं बोलू? बरं दिसलं असतं का?"

मला त्यांचा भयंकर राग आला. कुणाचा तरी यायलाच हवा होता.

घरात पाऊल टाकण्याआधी मुलीनं माझा हात धरला. "आई, तू काय बोलू नको. घरातले तुला जन्मभर ऐकवतील." आत जाऊन ती वडलांना म्हणाली, "पप्पा, माझ्याच्यानं व्हत न्हाय ते यंत्रबिंत्र. आर्ट्सच बरं." मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज आजही वाटते.

मैत्रिणीच्या वडलांनी नंबराचं नावही काढलं नाही. आपल्या लेकीला सरळ लातूरला घातलं. माझी मुलगी कळंबला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

मागच्या महिन्यात तिला बघायला पाहुणे आले. बोलता बोलता हे म्हणाले, "पोरीला सायन्सची आवडच नव्हती." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाहुणे गेल्याबरोबर मी ह्यांना नारळापासून सगळं सांगून टाकलं. आता हे आकांडतांडव करणार म्हणून मी तयारीतच होते.

ह्यांनी नुसती टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आगं, तवाच सांगायचं की. नंबराचं म्या आपलं तिनं जोर करावा म्हणून म्हणलं व्हतं. लातूरचं सरांकडं इचारून बी ठिवलं व्हतं. तिनंच नको म्हणल्यावर म्या कशाला जबरदस्ती करू?"

मुलगी मागं न्हाणीत पाहुण्यांचे कप विसळत होती. तिला हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. पाहुण्यांचा होकार आलाय.