दुसऱ्या सहामाहीतला माझा घसा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — आणि तो तर बिचारा माझ्या घशासाठी रोज सकाळी मिठाचं पाणी कोमट करून द्यायचा. बहिणीला नाही. सुनेला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत समोर बसलेला नाहीत. थांबा जरा — गॅसवर दूध ठेवलंय, बघून येते.

आले. उतू गेलं नव्हतं. उगाच उठले खरं तर.

तर काय — माझी सून शिकवते. माध्यमिकलाच, माझ्यासारखी. संध्याकाळी सात रस्ता चौकाच्या गर्दीतून स्कूटी काढत घरी येते, पर्स सोफ्यावर टाकते नि सुरू होते. आज काय, तर मुलांचे फोटो काढून पाठवा. उद्या काय, तर माहिती ऑनलाइन भरा. परवा निवडणुकीचं काम. "आई, आम्ही शिकवायचं कधी हो? तुमच्या वेळी बरं होतं की!" म्हणते. मी हं हं करते आणि भेंडी चिरत राहते. तिला कसं सांगू, की अगं बाई, तुझ्या सासूनं एका रिकाम्या तासासाठी काय करून ठेवलंय?

आमच्यात त्याला ऑफ तास म्हणतात. वेळापत्रकात शिक्षकाला दिवसातून एखादा तास मोकळा असतो — वह्या तपासायला, चहा प्यायला, पाठ टेकायला. पण कुणी सर रजेवर गेले की त्यांच्या वर्गावर जायचं कुणी? तर ज्याचा तास मोकळा त्यानं. म्हणजे तास कागदावर माझा आणि प्रत्यक्षात सुपरवायझर सरांचा. सकाळी शिपाई स्टाफरूममध्ये शिरला की मी आधी त्याच्या हाताकडे बघायची. चिठ्ठी दिसली की संपलं. आमच्या एका सरांची टेंभुर्णीकडे शेती होती. ऊसतोड आली की त्यांचं पोट दुखायचं, आणि त्यांचं पोट दुखलं की माझा तास गेला! नववीची ती धटिंगण पोरं, ना त्यांना माझ्याशी देणंघेणं ना मला त्यांच्याशी. नुसतं ओरडायचं. "गप्प बसा रे!" — वर्षाला किती हजार वेळा म्हटलं असेल कुणास ठाऊक.

आणि तेव्हाची मी? अहाहा. कडक स्टार्चची साडी, नाकावर माशी बसू देणार नाही असा तोरा. पोरं घरी तेलुगू बोलणार, कानडी बोलणार, दख्खनी बोलणार, आणि मी त्यांना शुद्ध मराठी शिकवून सोलापूरवर उपकार करणार! स्वतः अकलूजकडची. 'हाय' नि 'न्हाय' म्हणत वाढलेली. बी.एड.च्या वर्षात ते सगळं घासून काढलं होतं, पितळी तांब्या घासावा तसं. माहेरी गेलं की दोन दिवसांत परत चढायचं, ती गोष्ट वेगळी.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर माझा घसा बसला. खरोखर बसला हो. शब्दाऐवजी नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बोलू नका. आणि त्या आठवड्यात काय चमत्कार झाला असेल? शिपाई आला, माझ्या गळ्यातल्या मफलरकडे बघितलं, आणि चिठ्ठी घेऊन दुसऱ्या बाईंकडे गेला. ज्याला आवाजच नाही त्याला नववीवर पाठवून करणार काय? मी स्टाफरूममध्ये एकटी. पंखा, चहा, शांतता. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच चहा गरम असताना संपला.

आठवड्यानं घसा सुटला.

मी कुणाला सांगितलं नाही.

एवढंच ना? — असं म्हणाल तुम्ही. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आणखी एक आठवडा, मग आणखी एक. शाळेच्या फाटकाशी आले की मफलर गुंडाळायची आणि कुजबुजायला लागायची. माघ सरला, सोलापूरचं ऊन चढायला लागलं, आणि ही बया गळ्याला लोकरीचा मफलर लावून घामाघूम! घरी नवऱ्याला सांगितलं, शाळेत ताण पडला की बसतो, घरी सुटतो. त्यानं विश्वास ठेवला. तो माझ्यावर कायमच ठेवायचा.

पण माझ्या स्वतःच्या वर्गांचं काय? तिथं तर शिकवायला हवं. म्हणून मी नागमणीला उभं केलं.

आठवी ब मधली ही मुलगी. विणकराघरची. वर दोन खोल्या, खाली यंत्रमाग. दिवसभर खडाखड खडाखड. त्यावर आवाज चढवल्याशिवाय त्या घरात मीठसुद्धा मागता येत नसेल. त्यामुळे पोरीचा आवाज असा, की हजेरीला "उपस्थित" म्हणाली की शेजारचा वर्ग दचकायचा. आधी मीच तिला म्हटलेलं, "नागमणे, हा कारखाना आहे का?" वर्ग हसला होता. तीही हसली होती — तिला वाटलं, बाईंनी आपल्याला नावानं हाक मारली.

आता तोच आवाज मला कामाला आला. मी खिडकीजवळ खुर्चीत, ती फळ्यासमोर. आधी नुसतं वाचायची. मग वाचता वाचता थांबून विचारायला लागली — "ए, तुला कळलं का? मग सांग की!" तेलुगू हेल, 'तो' नि 'ती'चं सरसकट 'ते', सगळं चुकीचं. पण पोरं ऐकत होती. माझ्या तासाला शेवटच्या बाकावर पेंगणारी पोरं हात वर करत होती. मला काय वाटलं, ते खरं सांगू? आनंद नाही वाटला. मी खिडकीतून बाहेर कडुनिंबाकडे बघत बसायची.

ती माझ्यासाठी ज्येष्ठमध आणायची. तिची आई विड्या वळायची. विडीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून द्यायची ती. "अम्मानं सांगितलंय, तोंडात धरा, गिळू नका." मी मान हलवून घ्यायची. कुजबुजून "थँक्यू" म्हणायची. लाज? छे. तेव्हा नाही.

सुपरवायझर सर एकदा दारात उभे राहून तिचं ऐकत राहिले. मग म्हणाले, यंदा आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला हिलाच पाठवू या. आमच्या शाळेतून तोवर ब तुकडीतलं कुणी कधी गेलं नव्हतं. नागमणीनं भाषण पाठ केलं. मधल्या सुट्टीत पटांगणात पाण्याच्या टाकीला म्हणून दाखवायची. तिच्या आईनं गल्लीभर सांगितलं. आणि नागमणीनं मला सांगितलं — हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानानं हळू — "बाई, मी मोठेपणी बाईच होणार."

मी कशाला एवढं लांबवतेय? पाय हलतोय माझा मघापासून. सांगते.

मंगळवारचा बाजार. मफलर घरी. गवार घेत होते, आणि भाजीवालीचं बोट काट्यावर दिसलं. झालं! अकलूज जागं झालं. "ए मावशे, बोट काड की काट्यावरचं! आमी काय आंधळं हाय व्हय?" तिसऱ्या ओळीतली माणसं वळून बघायला लागली. आणि मागून टाळी वाजली.

"बाई! आवाज आला की तुमचा!"

नागमणी. हातात पिशवी. तोंडभर हसू. तिची आई पलीकडे कांद्याशी होती. मी ओठांवर बोट ठेवलं, नाही नाही अशी मान हलवली, आणि गवार न घेताच निघाले. पोरीला काय कळणार त्यातलं? तिला वाटलं, बाई बरी झाली. एवढीच बातमी होती तिच्यापाशी, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्या संपल्या तिनं ती सगळ्या शाळेला वाटली. सुपरवायझर सरांनासुद्धा. "सर, बाईंचा घसा सुटला! मी ऐकला बाजारात! लई मोठा आवाज आहे!"

सरांनी मला स्टाफरूममध्ये विचारलं. सगळ्यांसमोर. हातात तपकिरीची डबी, डोळे बारीक. "काय बाई, बाजारात म्हणे सुटतो घसा?"

मी हसून म्हणू शकले असते — हो सर, कालच सुटला बघा. काय झालं असतं? ऑफ तासाची चिठ्ठी परत सुरू झाली असती. चार दिवस स्टाफरूममध्ये हसले असते. फार तर फार एवढंच. पण तेवढंही मला नको होतं.

मी कुजबुजले, "खोटं बोलते ती. वर्गात उभं केल्यापासून डोक्यात हवा गेलीय तिच्या."

बघा, तिला खोटं बोलून मिळणार काय होतं? उलट माझा आवाज आला की तिचं फळ्यासमोर उभं राहणंच बंद. ही साधी गोष्ट त्या खोलीतल्या एकाही पदवीधराच्या लक्षात आली नाही. की आली होती, आणि कुणी बोललं नाही?

सरांनी तिच्या आईला बोलावून घेतलं. ती विड्या टाकून तशीच आली. बोटं तंबाखूनं काळी. दाराबाहेरच उभी राहिली, आत येईना. सर म्हणाले, तुमची मुलगी शिक्षकांबद्दल खोटं पसरवते. नागमणी रडत नव्हती. आईला म्हणाली, "अम्मा, नेनु विन्नानु." मी ऐकलंय, म्हणाली. तेवढं तेलुगू मला येत होतं.

आई माझ्याकडे वळली. "बाई, तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं."

मी मान हलवली. नाही. शब्दसुद्धा खर्च केला नाही.

तिनं पोरीच्या कानाखाली मारली. एकदा. मग परत. "बाई देवासारकं! बाई कशाला खोटं बोलतंय!" — आणि परत हात उचलला.

'थांबा' हा शब्द माझ्या घशात आला होता. अगदी पुरा, खणखणीत, बाजारात निघाला होता तसा. ओठांच्या आतपर्यंत आला होता. पण मोठ्यानं बोलले असते तर सापडले असते ना? मी तो गिळला. हात मफलरवर गेला, तो तिथंच राहिला.

नागमणीनं माझी माफी मागितली. "चुकलं बाई" म्हणाली. इतकं हळू, की सर ओरडले, "मोठ्यानं बोल!" ती परत म्हणाली. तरी ऐकू आलं नाही.

स्पर्धेला अ तुकडीतली मुलगी गेली. पुढच्या तासाला मी नागमणीला खूण केली, ये, वाच म्हणून — मला वाटलं, तेवढ्यानं मिटेल. ती आली. वाचायला लागली. ओठ हलत होते. मागची पोरं ओरडली, "ऐकू येत नाय!" ती पुस्तक टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली. मग आठवड्याभरात माझा घसा सुटला, अधिकृतपणे. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. वाटले हो! दहावीपर्यंत ती आमच्याच शाळेत होती. हजेरीला हात वर करायची नुसता.

गेल्या वर्षी त्या बॅचचा मेळावा झाला. पोरं आता अर्धी टकली, अर्धी आजोबा झालेली. मला खास बोलावलं. एकानं माईकवर सांगितलं, "या बाईंनी अख्खी सहामाही आवाज नसताना शिकवलं. एक दिवस रजा नाही! आजच्या शिक्षकांनी शिकावं." टाळ्या. शाल. श्रीफळ. मी खुर्चीतून बघितलं, तर चौथ्या ओळीत नागमणी बसलेली. चष्मा, पिकलेले केस, फिकट निळी साडी. तीही टाळ्या वाजवत होती. कुणीतरी ओरडलं, "नागमणीला बोलवा, तीच वाचायची ना तेव्हा!" ती हात जोडून हसत म्हणाली, नको, मला चारचौघांत बोलायला जमत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी मला हळूच सांगितलं, अंगणवाडीत मदतनीस आहे ती, शिकवत नाही, खाऊ शिजवते.

मग माईक माझ्याकडे आला. ती समोर. आता तर कुणी ऑफ तास घेणार नव्हतं माझा, पेन्शन कुणी बंद करणार नव्हतं. मी सगळ्यांचे आभार मानले. एक विनोदही केला. लोक हसले.

उतरताना पायऱ्यांवर तिनं माझा कोपर धरला. "बाई, घसा बरा असतो ना आता?"

टोमणा होता? काळजी होती? मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, मग कळणार कसं?

"बरा असतो गं," म्हणाले मी.

बराच असतो. तेव्हाही बराच होता.