निवडून घातलेलं खाद्य

नकोशी पहिल्यांदा उंदीरघरात आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही बाई चार दिवस टिकायची नाही. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका विद्यापीठाचं औषधसंशोधन केंद्र आहे, त्याच्या मागच्या अंगाला हे उंदीरघर. कागदोपत्री त्याला प्राणीगृह म्हणत. आत दीडशे पांढरे उंदीर, भाताच्या तुसाचा आणि मुताचा कोंदट वास, खिडक्या कायम बंद. तिच्या आधीचा माणूस जाड हातमोजे घालूनही दोनदा चावून घेऊन गेला होता. नकोशीनं एका पिंजऱ्याचं झाकण सरकवलं, उघडा हात आत घातला आणि एका उंदराला खांद्यांमागून असं उचललं की तो चूंसुद्धा करेना.

"कोकरू धरतो तसंच हाय की," ती म्हणाली. "आपला हात भ्यायला, की जनावर भितं."

ती पळसदेवकडच्या धनगराच्या घरातली. बापाकडं तेव्हा सत्तर-ऐंशी मेंढरं होती. तीन मुलींवर चौथी झाली म्हणून नाव नकोशी ठेवलं. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, ही समजूत. पुढं भाऊ झाला. मेंढरं गेली, शेती आली, पण नाव बदलायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लग्न होऊन ती लासुर्ण्याला आली. नवरा बिरदेव लोणी देवकरच्या एका कारखान्यात पाळीवर जाई. मुलीचं, दिपालीचं, लग्न झालेलं. घर रिकामं खायला उठायचं, म्हणून नकोशीनं हे कंत्राटी काम धरलं आणि त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

काम असं: पिंजरे धुवायचे, तूस बदलायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खाद्य घालायचं, वजनं करायची. उंदीर ओळखू यावेत म्हणून त्यांच्या डोक्यावर, पाठीवर, शेपटीवर पिवळ्या रंगाच्या खुणा करायच्या. तो रंग बोटांवरून आठवडा आठवडा निघत नसे. लासुर्ण्यातल्या बायका विचारायच्या, रोज कुणाची हळद लावून येतेस गं? आणि प्रयोग संपला की उंदीर कापायच्या दिवशी एकेक धरून द्यायचा. ते काम करताना ती कुणाशी बोलत नसे.

अश्लेषा पुण्याहून पीएचडीला आली ती तीन वर्षांपूर्वी. बारीक अंगाची, चष्मा लावणारी, चहा गार होईपर्यंत वहीत डोकं घालणारी. तिनं पहिल्याच दिवशी नाव विचारलं आणि ऐकून जरा अडखळली.

"मी तुम्हाला नुसतं ताई म्हणू का?"

"म्हणा की. नावात काय हाय. मी बी तुमाला ताईच म्हणीन."

डाळिंबाच्या सालीतला एक अंश यकृताचा कॅन्सर व्हायच्या आधीच अडवतो, असा अश्लेषाच्या गटाचा अंदाज होता. अडचण वेगळीच होती. ते औषध पोटातून दिलं तर आतड्याच्या भिंतीपाशीच अडकायचं, रक्तात उतरायचंच नाही. म्हणून अश्लेषानं ते चरबीच्या डोळ्याला न दिसणाऱ्या थेंबांत भरलं होतं. थेंब भिंतीतून पार होतात की नाही, हे बघायला तिला बोकडाचं ताजं आतडं लागे. नकोशी सकाळी इंदापुरातल्या खाटकाकडून ते मिठाच्या पाण्यात घालून आणायची. आतडं काचेच्या कांडीवर उलटं करून घ्यायचं असे. अश्लेषाच्या हातून ते फाटायचं. तिसऱ्या दिवशी नकोशीनंच ते काढून घेतलं आणि मोज्यासारखं उलटं करून दाखवलं.

"कुठं शिकलात?"

"आमच्यात आतडी बायकाच धुत्यात, ताई."

दीड वर्ष असं गेलं. अखेर थेंब पार होऊ लागले. ते आकडे आले त्या दुपारी अश्लेषानं नकोशीला खुर्चीवर बसवून सगळं समजावून सांगितलं. नकोशीला निम्मं कळलं, पण एवढं कळलं की औषधाला वाट सापडली.

मग जुलैमध्ये खरा प्रयोग सुरू झाला. बत्तीस उंदीर, चार गट. पहिल्या गटाला काहीच द्यायचं नाही; ते निरोगी राहायचे. दुसऱ्याला नुसतं विष, ज्यानं यकृतात गाठी येतात. तिसऱ्याला आणि चौथ्याला विष आणि औषध दोन्ही, एकाला कमी, एकाला जास्त. सहा महिन्यांनी चारी गटांची यकृतं शेजारी शेजारी ठेवून बघायची. रोज सकाळी नकोशी उंदीर धरायची आणि अश्लेषा नळीनं औषध पाजायची. एक उंदीर मेला तरी अश्लेषाचं जेवण जात नसे.

ऑगस्टमध्ये कोठाराच्या छताला गळती लागली. खाद्याची पोती तिथंच होती. गुरांच्या गोळी पेंडीसारख्याच बारीक गोळ्या, त्यात मका आणि शेंगदाण्याची पेंड. एका सकाळी नकोशीनं पोत्यात हात घातला आणि तिला वास आला. हा वास ती लहानपणापासून ओळखत होती. असाच वास मारणारा मका खाऊन तिच्या बापाच्या नऊ मेंढ्या गाभडल्या होत्या, पोटातली कोकरं गेली होती.

कोठार केंद्रातल्या संदेश या कारकुनाकडं होतं. ती त्याच्याकडं गेली.

"संदेशराव, खाद्याला बुरशी आलीया."

"वरच्या चार गोळ्या ओल्या झाल्या असतील. काढून टाक."

"आतपर्यंत वास मारतोय. दुसरं मागवा."

"दुसरं यायला दीड महिना लागतो. तवर उंदरांना काय तुझ्या घरची भाकरी घालणार हाईस?" मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, "तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात वर सहीला जाणार हाय. तू पिंजरे धू, पाणी भर. खाद्याचं आमी बघू."

अश्लेषा त्या आठवड्यात पुण्याला होती; औषध पाजायला दुसरा विद्यार्थी येऊन जाई. आईचं ऑपरेशन होतं. तिचे मार्गदर्शक आनंद सर महिन्यातून दोनदा येत. नकोशी गप्प बसली. पण हाताला स्वस्थता नव्हती. ती रोज कुणी यायच्या आधी तास-दीड तास कोठारात बसून गोळ्या निवडायची. काळपट, पांढरी बुरी चढलेल्या बाजूला. कोरड्या, चांगल्या दुसऱ्या बाजूला. चांगल्या निम्म्याही निघत नसत.

मग त्या कुणाला घालायच्या? तिनं बापाचं बघितलं होतं. दुष्काळात चारा थोडा असला, की तो आधी आजारी पण जगू शकेल अशा जनावराला घालायचा. धडधाकट जनावर काहीही खाऊन तगतं. जे जायचंच आहे, त्याला चारून उपयोग नाही. म्हणून चांगल्या गोळ्या तिसऱ्या आणि चौथ्या गटाला. अश्लेषाची सगळी आशा त्यांच्यावर होती, हे तिला माहीत होतं. उरलेलं पहिल्या दोन गटांना. ऑक्टोबरात नवी पोती आली, पण संदेशनं जुनी संपवायला सांगितली होती. नोव्हेंबर उजाडेपर्यंत नकोशी निवडत राहिली. वहीत फक्त किती ग्रॅम घातलं ते लिहायचं असे. ते तिनं बरोबर लिहिलं; आकडे तेवढे तिला येत.

जानेवारीत उंदीर कापले. दुसऱ्या गटाची यकृतं गाठींनी भरलेली होती. तिसऱ्या आणि चौथ्या गटाची जवळजवळ स्वच्छ. अश्लेषा हसत होती, चष्मा पुसत होती. फक्त पहिल्या, निरोगी गटाच्या आठपैकी पाच यकृतांवर पांढरट ठिपके होते. ते कुठून आले, कुणाला कळेना.

आनंद सरांनी बराच वेळ विचार केला. "आठ उंदरांमध्ये काहीही होऊ शकतं," ते म्हणाले. "मागच्या प्रयोगातल्या निरोगी उंदरांचे आकडे आहेत आपल्याकडे. या गटाच्या जागी ते लावू. तुझी फेलोशिप मार्चमध्ये संपतेय, अश्लेषा. आता पुन्हा सहा महिने काढता येणार नाहीत."

अश्लेषानं नाखुशीनंच ते आकडे लावले. चार दिवसांनी ती उंदीरघरात आली, तेव्हा मात्र तिचा चेहरा मोकळा होता. नकोशी बाटल्या धूत होती.

"ताई, एका रुग्णालयाशी बोलणं चाललंय सरांचं. सगळं नीट झालं तर चार-पाच वर्षांत माणसांना देऊन बघतील. ज्यांची यकृतं खराब व्हायला लागलीत, अशांना."

नकोशीनं हातातली बाटली खाली ठेवली. "उंदरांना गुण आला, म्हणून?"

"हो. एवढा चांगला फरक सहसा मिळत नाही."

दोन दिवस नकोशी ताटावरून तशीच उठली. बिरदेवनं खोदून विचारलं तेव्हा तिनं निवडलेल्या गोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "तुला कुणी इचारलंय का? न्हाय ना? मग गप ऱ्हा. शिकलेली माणसं हायत, त्यांचं ती बघतील." पण तिच्या डोळ्यांपुढं रुग्णालयातल्या ओळीत बसलेली माणसं यायची. विश्वासानं तोंड उघडणारी.

तिसऱ्या दिवशी ती अश्लेषाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"ताई, पावसाळ्यात खाद्याला बुरशी आली हुती."

अश्लेषानं वर बघितलं. "कधी?"

"तुमी पुण्याला हुता तवा. मी संदेशरावांना सांगितलं. ते म्हणाले घाल. मग मी निवडून घातलं."

"निवडून म्हणजे?"

नकोशीनं सगळं सांगितलं. कोणत्या पिंजऱ्यांना चांगलं, कोणत्यांना वाईट, किती दिवस. अश्लेषा ऐकता ऐकता कागदावर पिंजरे लिहीत गेली. बुरशीच्या शेंगदाण्यात आणि मक्यात जे विष तयार होतं, ते यकृतावरच चढतं, हे तिला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. निरोगी उंदरांवरचे ठिपके त्याचे होते. आणि औषधाच्या गटांना ते बुरशीचं विष मिळालंच नव्हतं, किंवा फार थोडं मिळालं होतं. मग त्यांना वाचवलं ते औषधानं, की नकोशीच्या निवडण्यानं?

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या आईचं ऑपरेशन हुतं."

"नंतर? मी परत आले त्यानंतर? फोन होता ना तुमच्याकडे?"

"हुता," नकोशी म्हणाली.

कोठाराच्या कोपऱ्यात जुन्या पोत्याचा तळ पडून होता. अश्लेषानं त्यातल्या गोळ्या तपासायला पाठवल्या. अहवाल यायला दहा दिवस लागले, आणि त्या दहा दिवसांत ती नकोशीशी एक शब्दही बोलली नाही. विष निघालं, भरपूर निघालं. ती तो कागद घेऊन आनंद सरांकडं गेली.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद दोनदा वाचला. "हे बाहेर गेलं तर तुझा प्रबंध गेला, केंद्राचं नाव गेलं," ते म्हणाले. "नोंदवहीत यातलं काहीच नाहीये, बघ."

"मला माहीत आहे, सर. पण हे औषध उद्या कुणीतरी घेणार आहे."

तिनं सगळे निष्कर्ष मागं घेतले. पुन्हा प्रयोग करायला वेळ मागितला, तो मिळाला नाही. संदेशनं चौकशीत लिहून दिलं, की खाद्य त्यानं चांगलंच दिलं होतं, गोळ्यांची अदलाबदल मदतनीस बाईनं परस्पर केली. दुसरा भाग खोटाही नव्हता. नकोशीनं त्याखाली अंगठ्याऐवजी सही केली. सही तिला दिपालीनं शिकवली होती. मार्चअखेर तिचं कंत्राट संपलं, ते पुढं वाढवलं नाही.

जायच्या आधी अश्लेषा तिच्याजवळ आली. "चूक तुमची नाही, ताई. तुम्ही एकट्यांनीच खाद्याचा वास घेतला."

"पर सांगितलं न्हाय येळंवर," नकोशी म्हणाली. अश्लेषानं त्याचं उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं असं तिला नंतर फार वाटलं.

प्रयोगासाठी आणलेले आणखी चाळीस उंदीर शिल्लक होते. नियमाप्रमाणे ते बाहेर सोडता येत नाहीत, मारावे लागतात. नकोशीच्या शेवटच्या दिवशी तेच काम निघालं. तिनं एकेक काढून दिला. ते नेहमीसारखेच तिच्या तळव्यात शांत बसले. दुपारी तिनं पिंजरे धुऊन उन्हात पालथे घातले, किल्ली कचेरीत दिली आणि वडापच्या जीपमध्ये बसून घरी आली. बिरदेव पाळीवरून यायचा होता. ती चूल न पेटवता उंबऱ्यावर बसून राहिली.

आता ती भिगवणला मासळी साफ करायला जाते. बसून बसून कंबर धरते, हात दिवसभर पाण्यात. जूनमध्ये एकदा अश्लेषाचा फोन आला. ती पुण्यात एका कंपनीत औषधांच्या वेष्टनावरचा मजकूर तपासते.

"ते काम परत कोण करतंय का, ताई?" नकोशीनं विचारलं.

"नाही. सरांनी विषय बदलला. फाइल बंद झाली."

"मग औषध चांगलं हुतं का न्हाय?"

"ते कळलं नाही," अश्लेषा म्हणाली. "असेलही चांगलं. आता कोण बघणार?"

मग नकोशीनं तिच्या आईची तब्येत विचारली. अश्लेषानं सांगितलं, आई एप्रिलमध्ये गेली. बाजारात नवीन टोपल्या उतरत होत्या, मुकादम हाका मारत होता. नकोशीनं ओला हात पदराला पुसून फोन नीट कानाशी धरला, पण तोवर तो कट झाला होता.