दोन ठोक्यांच्या मधलं थांबणं

लग्नानंतर कितीतरी वर्षं मी पाहुण्यांसमोर गेले नाही. पोलाद कारखान्याजवळच्या खुर्सीपार वस्तीत आमच्या दोन खोल्या. चहा झाला की मी आतून पळीनं पातेल्यावर एक ठोका द्यायचे, मग हे उठून कप न्यायचे. दोन ठोके म्हणजे साखर संपली, पाहुण्यांना बोलण्यात गुंतवा.

धाकटे दीर तेव्हा आमच्याकडेच राहत. प्लांटमध्ये ठेकेदाराकडे काम करत आणि गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकात लोकांना हसवत. एक दिवस ते मुंबईला गेले. तिथे तीन-चार वर्षं कशी काढली, कधी सांगितलं नाही. मग पत्र आलं: टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत दोन भागांपुरतं कारकुनाचं काम मिळालं.

शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर आमच्या घरांची अख्खी लाइन बसली. दिरांचा कारकून साहेबांना इतका घाबरे की तोंडानं काही मागतच नसे. पेल्यावर पेन वाजवी. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे सुट्टी. लोक हसून लोळले. सासूबाई ओरडल्या, "अवं, हे तं आपल्या सुनेचं हाय!" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी तोंडावर पदर घेऊन घरी पळाले.

दोन भागांचं काम वाढून बरेच भाग झाले. दिवाळीला दीर आले तेव्हा घर माणसांनी भरलं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "वहिनी, त्या ठोक्यावरच माझं पोट चालून राहिलं. पण तुमाले वाईट वाटत असंन तं सोडतो. मालिकावाले दुसरा माणूस पाहतीन."

सगळ्यांना हसवणारा माणूस, पण तेव्हा हसत नव्हता.

"बोल ना वं," हे बाहेरून म्हणाले.

पहिल्या दिवशी मला लाज वाटली होती, हे खरं. पण नंतरचा प्रत्येक भाग मी शेजाऱ्यांच्या दाराआडून पाहिला होता, आणि दर वेळी वेगळंच काही खटकत होतं.

"भाऊजी, तुमी चुकीचं करता," मी म्हणाले. आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. "दोन्ही ठोके लागोपाठ मारता. पहिल्यानंतर थांबा लागते. कोणी उठलं का, कान देऊन पाहा लागते. मंग जिवावर येऊन दुसरा."

दीर म्हणाले, "दाखवा बरं करून."

पळी हातातच होती. मी बाहेर आले. चहाच्या ट्रेवर एक ठोका दिला, थांबले, मान तिरकी करून ऐकलं. दुसरा देण्याआधीच सगळे हसायला लागले. मलाही हसू आवरेना, दुसरा ठोका राहूनच गेला.

पुढच्या भागांत दीर तसेच थांबू लागले. मालिका वर्षानुवर्षं चालली. बाजारात लोक त्यांना अडवून हातात पेन देत.

सासूबाई मात्र त्या दिवाळीच्याच दिवशी म्हणाल्या, "ठोके आता त्याले गेले. उद्यापासून चहा तूच आणत जाय."

दुसऱ्या दिवशी चार कप घेऊन मी बाहेर गेले. दोन सांडले.