खुर्च्यांचे पाणवठे

शहाद्याला वनरक्षकांना हवामानबदल शिकवायला मी गेले होते. दुपारच्या जेवणानंतर माझ्या आलेखांसमोर सगळे पेंगायला लागले. वैतागून मी प्रोजेक्टर बंद केला आणि संगीत खुर्ची लावली. खुर्ची म्हणजे पाणवठा आणि प्रत्येक जण एक जनावर. दर फेरीला उन्हाळा वाढणार आणि मी एक खुर्ची काढून घेणार.

शेवटी एकच खुर्ची उरली. तिच्यावर अस्वल झालेले पोट सुटलेले वनपाल बसले आणि त्यांच्या मांडीवर बिबट्या. हसू आवरत मी ठरवलेलं गंभीर भाषण सुरू केलं, तेवढ्यात मागून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. बाद झालेली हरणं आणि ससे व्हरांड्यातलं लांबलचक बाकडं आत आणत होते.

"असं चालणार नाही," मी चिडले. "खेळाचे काही नियम असतात."

बाकडं टेकवून एक वनरक्षक बाई शांतपणे अहिराणीत म्हणाली, "मॅडम, पाणी आटी गयं, मंग आम्ही नवा पाणवठा कया."

सगळी जनावरं दाटीवाटीने बाकावर बसली. भाषण तिथंच राहिलं. अस्वलाने थोडं सरकून मलाही जागा दिली.