आबांची रायफल आणि सासूबाईंचं अप्पेपात्र

मी बंदुकीच्या गोळ्या विकत आणायच्या नोकरीत आहे आणि मला बंदुकीच्या गोळ्या मिळत नाहीत.

घाबरू नका, नोकरी कायदेशीर आहे. दुबईजवळ उम्म अल कुवैनला एक शूटिंग क्लब आहे, तिथे मी पर्चेस बघते. टार्गेटच्या कागदापासून टॉयलेट पेपरपर्यंत सगळं माझ्याकडे. (दोन्हींची एकदा अदलाबदल झाली होती. मेंबर्स फार समजूतदार निघाले.) क्लबच्या मालकांना जुन्या लष्करी रायफलींचा शौक. त्यांची काडतुसं आता बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून आमचे आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारे, कुट्टीभाई वापरलेल्या पितळी नळ्या पुन्हा भरतात. नळ्या भरपूर, दारू भरपूर, फक्त टोकाला बसणारी गोळी तेवढी बाहेरून यावी लागते. नेमकी तीच कित्येक महिने येत नव्हती. सप्लायरला फोन केला की तो प्रेमाने सांगायचा, "इन्शाल्ला मॅडम, नेक्स्ट वीक." हा नेक्स्ट वीक आमच्याकडे दर आठवड्याला असतो.

अशात माझे वडील, आबा, व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. आबा साताऱ्याकडचे, रिटायर्ड हवालदार. आई गेल्यापासून त्यांनी स्वतःसाठी काही मागितलंय असं मला आठवत नाही. इथे आल्यावरही तेच. उंच बिल्डिंग दाखवली, तर म्हणाले, "खालनं दिसली की." मॉलमध्ये नेलं, तर बाहेरच्या बाकावर बसून राहिले आणि चहाचे दिरहम रुपयांत करून दोन दिवस चहा सोडला. शेवटी मी त्यांना माझ्या ऑफिसात नेलं. तिथे काचेच्या कपाटात थ्री नॉट थ्री रायफल दिसली आणि आबा चालता चालता थांबले.

"हिच्यावरच शिकलो गं मी," ते म्हणाले. आवाज जरा वेगळाच होता. "एकदा हातात मिळाली तर..."

पुढचं मी ऐकलंच नाही. मला भरून आलं की मी लगेच काहीतरी मॅनेज करायला लागते.

"आबा, जायच्या आधी तुम्ही हिच्यातून गोळी मारणार. शब्द आहे माझा."

"अगं पण मी काय म्हणतो..."

"तुम्ही काही म्हणू नका," मी म्हटलं आणि सप्लायरला फोन लावला.

सप्लायर म्हणाला, "नेक्स्ट वीक." पुढच्याच आठवड्यात आबांचं तिकीट होतं. मी दुबईतल्या देरा भागातली ट्रेडिंगची सगळी ऑफिसं पालथी घातली. कोणी म्हणालं खलास, कोणी म्हणालं युरोपातूनच माल नाही, एकाने तर मला एअरगनचे छर्रे दाखवून "सेम सेम" म्हणून सांगितलं. घरी येऊन मी चिडचिड केली तर आमची इरा म्हणाली, "आई, जस्ट टेल आजोबा सॉरी." या पिढीला जिद्द म्हणून नाहीच.

मी कुट्टीभाईंना जाऊन धरलं. ते मालाबारचे, गरीब स्वभावाचे, आणि मला जरा घाबरून असतात. "मॅडम, शिसा मिलेगा तो गोली मैं इधर ही ढालेगा," ते म्हणाले. "साँचा है मेरे पास. लाइसन्स भी है." मग आधी नाही का सांगायचं? तडक मी बंदरावर गेले आणि कोळ्यांकडून जाळ्याला लावायची शिशाची वजनं पोतंभर घेऊन आले. गाडीला असा काही वास लागला की इरा शाळेला बसने जायला लागली.

कुट्टीभाईंनी पोत्यात डोकावून नाक मुरडलं. हे शिसं आधी वितळवून त्यातली घाण काढावी लागेल, म्हणाले, आणि मग त्याच्या लहान लहान वड्या पाडाव्या लागतील, कारण त्यांचं गोळ्या ओतायचं भांडं एवढंसं आहे. "छोटा छोटा, मॅडम. इडली का माफिक."

इडली! मी विचार केला. इडलीपात्र ॲल्युमिनियमचं, ते शिशाच्या आचेला टिकायचं नाही, एवढी अक्कल मला होती. (तेवढीच होती.) घरात जाड बिडाचं, लहान लहान खळगे असलेलं काय आहे?

आमच्या घरात अप्पे माझा नवरा करतो. दर शनिवारी, मिलिंदच्या हातचे. त्याच्या आईने बिडाचं अप्पेपात्र रत्नागिरीहून स्वतःच्या केबिन बॅगेतून आणलं होतं, आणि एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्याने विचारलं तेव्हा त्याला अप्पे कसे करतात ते सगळं सांगितलं होतं. मिलिंद त्या पात्राला साबण लावू देत नाही. ते मी शुक्रवारी सकाळी तो अंघोळीला गेलेला असताना टॉवेलमध्ये गुंडाळून पळवलं. एक दिवसाचा तर प्रश्न, घासून परत ठेवू.

वड्या काय सुरेख पडल्या म्हणून सांगू! चकचकीत, गुबगुबीत, एकसारख्या. इतके चांगले अप्पे मला जन्मात जमले नव्हते. मी फोटोसुद्धा काढला. मग पात्र उचलायला गेले, तर कुट्टीभाई मधे आले.

"मॅडम, ये किधर ले जाता है?"

"घर. धोके रखेगी."

"नहीं नहीं. शिसा जहर है. इसमें अभी खाना कभी नहीं. दस बार धोएगा तो भी नहीं." आणि मी बघत असताना त्यांनी लाल रंगाने त्या पात्राच्या दांड्यावर कवटी काढली. चित्रकला चांगली आहे त्यांची.

दुसऱ्या दिवशी शनिवार, त्यातून आबांना निरोपाचे अप्पे. मिलिंदने पीठ वाटून आंबत ठेवलं होतं. मी तशीच बर दुबईला गाडी हाणली आणि मीना बाजारच्या मागच्या गल्ल्यांतली भांड्यांची दुकानं धुंडाळली. जिकडे तिकडे नॉनस्टिक, काचेच्या झाकणाचं. बिडाचं म्हटलं की दुकानदार माझ्याकडे असे बघत, जणू मी जातं मागतेय. शेवटी नॉनस्टिक घेतलं.

"आईचं कुठाय?" मिलिंदने सकाळी विचारलं.

"कुट्टीभाईंच्या बायकोला दिलं," मी म्हटलं. "गावाहून आलीये बिचारी. तिला फार आवडलं. चार दिवसांत देईल परत."

मला वाटलं होतं तो चिडेल. तो फुलला. "आईचं पात्र? तिला आवडलं? अगं मग त्यांच्यासाठी डबा नेऊ आपण!" आणि नॉनस्टिकला नावं ठेवत त्याने वीस अप्पे जादा केले.

असे आम्ही सगळे क्लबवर पोहोचलो. आबांचा पासपोर्ट काउंटरवर जमा केला. कुट्टीभाईंनी पाच काडतुसं तयार ठेवली होती. मिलिंद डबा पुढे करून म्हणाला, "भाभीजी के लिए."

"कौन भाभीजी?" कुट्टीभाई म्हणाले. "वाइफ तो कालिकट में है, सर."

"और हमारा अप्पे का बर्तन?"

"ओ, वो!" कुट्टीभाईंना आनंद झाला. ते आत गेले आणि पात्र घेऊन आले. कवटीसकट. खळग्यांत अजून शिसं चमकत होतं. "फर्स्ट क्लास है, सर. और एक मिलेगा?"

मिलिंद पात्राकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. हातातला डबा त्याने इराकडे दिला. "ओह माय गॉड, आई," इरा म्हणाली आणि डब्यातला एक अप्पा खायला लागली.

"भांडण नंतर," मी म्हटलं. "आधी आबा."

आबांना आडवं पडायला मिलिंद आणि कुट्टीभाईंनी आधार दिला. पण रायफल खांद्याला लागली आणि म्हातारा एकदम बदलला. पाठ सरळ, श्वास बंद. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, मी टार्गेट बघितलंच नाही. धाडकन आवाज झाला. कुट्टीभाई दुर्बिणीतून बघून ओरडले, "सेंटर!"

मी टाळ्या वाजवल्या. मिलिंदनेसुद्धा वाजवल्या, माझ्याकडे न बघता.

"आबा, अजून चार आहेत. मारा!"

"नको गं." आबा खांदा चोळत उठून बसले. "कानात किती घुमतंय. आता एक करशील का? पोरी, आता तरी ऐकशील का?"

"बोला ना, आबा. काय पाहिजे?"

"थोडं तेल आणि जुनं फडकं."

मग आबा कुट्टीभाईंच्या टेबलाशी बसले. रायफल त्यांनी न बघता उघडली, एकेक भाग पुसला, उजेडात धरला, परत पुसला. तासभर. मधूनच कुट्टीभाईंना काहीतरी दाखवत होते आणि गालातल्या गालात हसत होते. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं.

"सगळी नोकरी मी हत्यारांच्या कोठारात केली," ते फडकं झटकत म्हणाले. "गोळ्या काय, मारल्या असतील शेपन्नास. पण रायफली पुसल्या हजारो. काचेच्या आतली बघितली तेव्हा नळीवर धूळ दिसली गं. म्हटलं, एकदा हातात मिळाली तर पुसून तरी ठेवीन. तेवढंच तर सांगत होतो तुला त्या दिवशी."

मिलिंदने मघापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. कुट्टीभाईंनीही बघितलं. इराने तर अप्पा खायचा थांबवून बघितलं.

आणि रायफल पुसायला, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते, एकही गोळी लागत नाही.