बरोबर जाणारी मुले

माझी आई लोणावळ्याला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात आया होती. वडील मानमोडीच्या साथीत गेले तेव्हा मी अंगावर पीत होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला आठवत नाही. आई मला घेऊन वराळ्याला तिच्या थोरल्या भावाकडे येऊन राहिली. मामाची भातशेती बरी होती, मामी मनानं मोठी होती, दोन माणसं त्या घराला जड नव्हती. पण भावाच्या घरी बसून खाणं आईला सोसेना. साहेबाचा बटलर मामाच्या ओळखीचा होता. त्याच्या शब्दावर ती बंगल्यावर कामाला लागली आणि मी वराळ्यालाच राहिले.

मडमेची तब्येत कायम नरम. तिची मुलगी जन्मल्यापासून आईच्याच हातात वाढत होती. आई महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायची, तळेगाव स्टेशनावरून चालत. तिच्या लुगड्याला साबणाचा वास यायचा. मी कुशीत शिरले की ती मला थोपटायची, पण माझ्यासारख्या घोडीला असं कुणी थोपटत नाही. तिच्या हाताला लहान अंगाची सवय झाली होती.

मी दहा-अकरा वर्षांची असताना साहेबाला विलायतेची लांब रजा मिळाली. मुलगी आईशिवाय घास घेत नव्हती. तेव्हा आयेनंही बरोबर चलावं, रजा संपली की परत आणू, असं मडमेनं सांगितलं. हे सांगायला आई वराळ्याला आली तेव्हा मामा ओट्यावर दोर वळत बसला होता.

"दर्यापार?" त्याचे हात थांबले. "लोक काय म्हनतील?"

"आत्ता काय म्हनत न्हाईत का, दादा?"

"आन पोरगी?"

"ती हितंच. तुमच्यापाशी."

मी दाराआड होते. बाहेर येऊन म्हणाले, "मलाबी ने." आईनं मला जवळ ओढलं. "तितं लय गार असतं गं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मी वाकळ घेऊन येते. मामी हसली आणि लगेच तोंड फिरवून आत गेली.

विलायतेला जायला पासपोर्ट लागतो हे आम्हाला बटलरनं सांगितलं. मामा त्याला दर्याचा कागद म्हणायचा. त्याला वाटायचं, आगबोटीचं तिकीट काढलं की झालं. माणूस कोण आहे हे सरकारला कशाला पाहिजे? पण सरकारला सगळंच पाहिजे होतं.

आधी फोटो. लोणावळ्याच्या बाजारात हवा खायला आलेल्यांचे फोटो काढणारा एकजण होता. त्याच्याकडे तळ्याचं चित्र काढलेला मोठा पडदा होता. तो पडदा बघूनच मी हरखले. पण सरकारी फोटोला चित्र चालत नाही म्हणून त्यानं पडदा गुंडाळला आणि मागे धुवट चादर टांगली. मग म्हणाला, "बाई, पदर मागे घ्या. दोन्ही कान दिसले पाहिजेत." आईनं मामाकडे पाहिलं. मामा उठून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मग तिनं पदर मागे सारला. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. ते मला त्या दिवशी कळलं.

मग वडगावची मामलेदार कचेरी. आम्ही बैलगाडीतून गेलो. बटलर साहेबाची चिठ्ठी घेऊन लोणावळ्याहून आला. कारकून पोक्त होता, वाईट माणूस नव्हता. उकाड्यानं आणि आमच्या उत्तरांनी मात्र तो बेजार झाला होता.

"नाव सांगा."

आईनं विचारलं, "कंचं?"

माहेरचं एक, सासरी ठेवलेलं दुसरं, आणि बंगल्यावर तर तिला सगळे आयाच म्हणत. कारकुनानं सासरचं लिहिलं. जन्म कधीचा, तर मामा म्हणाला, थोरला आंबा लावला त्या साली. आंबा कधी लावला ते कुणाला माहीत नव्हतं. कारकुनानं आईच्या तोंडाकडे बघून अंदाजानं वय घातलं. अंगावरची खूण काय, तर कपाळावरचं गोंदण. तेही लिहिलं.

"नवऱ्याचं नाव?"

आई खाली बघत राहिली. मामानं पुढे होऊन सांगितलं.

"तुम्ही नका सांगू," कारकून म्हणाला. "आत मामलेदारसाहेबांपुढे त्यांनाच सांगावं लागेल. इथं एकदा म्हणून घ्या, बाई."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. नवरा गेला म्हणून ते मोकळं होत नाही. घरात वडलांचा विषय निघाला की आई "तुजं बाबा" म्हणायची, नाहीतर नुसतंच "त्ये". तिनं पदर तोंडाशी धरला आणि काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं, बाई. ऐकू येत नाही."

मग तिनं ते नाव घेतलं. कचेरीतल्या साऱ्या परक्या माणसांना ऐकू जाईल असं घेतलं. तिच्या तोंडून माझ्या वडलांचं नाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते जिवंत असताना त्यांनीही कधी ऐकलं नसणार. आईचे डोळे कोरडे होते, पण मामानं मान खाली घातली.

कारकून पुढच्या रकान्याकडे वळला. "बरोबर जाणारी मुलं?"

"कोणी नाही," बटलर म्हणाला.

"एक हाय," आई म्हणाली.

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. "ही का? ही जाणार आहे बरोबर?"

मामानं विचारलं, "आईच्या कागदात लेकराचं नाव घालता येतंय का, रावसाहेब?"

"येतं की. आईबरोबर मूल जाऊ शकतं. नेणारा न्यायला तयार पाहिजे."

सगळे बटलरकडे बघायला लागले. तो ओशाळला. "मी विचारलं होतं मडमेला," तो हळू आवाजात म्हणाला. "साहेब नको म्हणाले."

कारकुनानं टाक शाईत बुडवला आणि थोडा वेळ तसाच धरला. "मग 'नाहीत' लिहावं लागेल, बाई."

"लिवा," आई म्हणाली.

त्यानं लिहिलं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, त्यामुळे काय लिहिलं ते दिसून कळलं नाही. त्यानं वाचून दाखवलं तेव्हा कळलं. मग मागे राहणाऱ्या मुलीचा सांभाळ मामा करील असा आणखी एक कागद झाला. त्यावर मामानं अंगठा दिला. आई म्हणाली, "सांबाळ म्हंजी समदंच न्हवं का ओ?" कारकून म्हणाला, समदंच.

नंतर आईला देवी टोचल्या. दंड सुजला, ताप आला. त्या तापात ती वराळ्याला राहिली. मी तिच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत असे, आणि ताप उतरू नये असं मनात म्हणत असे.

ताप उतरला. पासपोर्ट आला. लोणावळ्याच्या स्टेशनात साहेब-मडम पुढच्या डब्यात चढले, आई मुलीला घेऊन नोकरांच्या डब्यात. मुलगी पेंगत होती. तिला जाग येऊ नये म्हणून आई माझ्याशी फार बोलली नाही. खिडकीतून हात बाहेर काढून तिनं माझ्या गालावर ठेवला आणि गाडी हलेपर्यंत काढला नाही.

रजा संपायची वेळ आली आणि गेली. साहेब एकटाच परत आला. बटलरला त्यानं सांगितलं की मडम तिकडेच राहणार, आया मागून येईल. इकडे येणारं एखादं कुटुंब मिळालं की त्यांच्या मुलांबरोबर तिला पाठवतील. असं कुटुंब काही मिळेना. बटलर दर खेपेला हेच सांगायचा. मग गावात बोलणं सुरू झालं. कुणी म्हणे बोट बुडाली, कुणी म्हणे ती तिकडचीच झाली, आणि कुणी जे म्हणे ते मामी मला ऐकू द्यायची नाही.

त्या उन्हाळ्यात तळेगावहून मला मागणी आली. मुलगा मास्तरकीचं शिकत होता, माणसं समजूतदार होती. मामानं पुष्कळ दिवस उत्तर दिलं नाही. एकदा मला गोठ्यात गाठून म्हणाला, "बाय, आजून दोन वरसांनी कोन ईल का न्हाई, देव जाने. लोकांची तोंडं कशी धरू मी?"

"आई येऊ दे की."

"कवा?" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं.

लग्नात आईच्या जागी मामी बसली.

आई आली ती पुढच्या थंडीत. वराळ्याला गेली, तिथं कळलं, आणि तशीच चालत तळेगावला आमच्या दारात आली. सासूबाईंनी घोंगडी अंथरली. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. आईनं आधी माझ्या पायांतली जोडवी पाहिली, मग तोंड पाहिलं.

"पानी नगं," ती म्हणाली. लेकीला मूल झाल्याशिवाय आई लेकीच्या घरचं काही तोंडात घालत नाही. सात समुद्र ओलांडून आली होती आणि माझ्या हातचं घोटभर पाणीही तिला चालत नव्हतं. तांब्या तिथंच राहिला. सासूबाई उठून आत गेल्या, आम्हाला बोलता यावं म्हणून.

मी विचारलं, "ती पोर?"

"तिला आजीपाशी ठिवलं. साळंत घातलं." आई अंगणाकडे बघत होती. "मला जवळ येऊ देईनात मग. म्हनले, सवय मोडाया पायजे."

मामाला ती एका शब्दानंही बोलली नाही. पुन्हा बंगल्यावर कामाला गेली नाही, भावाच्या शेतात राबली. माझ्या नवऱ्यानं मला लिहा-वाचायला शिकवलं, मुलं झाली, दिवस बरे गेले. आई सणासुदीला यायची, नातवंडांना मांडीवर घ्यायची. पण ती आणि मी, आमच्यात शेजारणीसारखी मर्यादा राहिली. ती माझ्या घरात विचारून बसायची.

पुढे दुसरं महायुद्ध चालू असताना तिला दम्यानं गाठलं आणि मी तिला शुश्रूषेला वराळ्याहून आणलं. एका दुपारी डाळ निवडता निवडता मी विचारलं, "तिकडं तुला लय जड गेलं असंल ना गं?" इतकी वर्षं मी मनात तेच धरून होते: धुक्यात, परक्या घरात माझ्यासाठी झुरणारी आई.

ती डाळीतून बोटं फिरवत राहिली.

"तुजी सय यायची. रोज यायची. खोटं न्हाई सांगत." मग म्हणाली, "पन बरं वाटायचं तितं. सकाळी भाईर पडलं की माजं त्वांड बगून कुनी मागं फिरत न्हवतं. दुकानवालाबी 'गुड मॉर्निंग' म्हनायचा. मला वाटायचं, ऱ्हावं अजून थोडं."

मला राग आला, आणि तो राग कुणावर धरावा हे कळेना. तिच्यावर धरवेना. ती विधवा होऊन माहेरी आली तेव्हा तिशीचीही नव्हती. मी ताट उचलून आत गेले आणि चुलीपाशी बसून रडले. बाहेरून तिच्या खोकल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही. पण शेवटच्या त्या आठवड्यांत मी तिच्याजवळ निजत होते, आणि ती माझ्या पाठीवर हात ठेवत होती. थोपटत नव्हती, नुसता ठेवत होती.